मर्यादा पाच मिनिटांची, मग वेबसाइट मिनिटातच का हात वर करते? टाइमआउटचं गणित समजून घ्या मिसळीच्या टेबलावर

१६ जुलै २०२१. कोरोनामुळे त्या वर्षी दहावीची परीक्षाच झाली नव्हती. शाळांनी केलेल्या अंतर्गत मूल्यमापनावरून निकाल लागणार होता आणि तो दुपारी एक वाजता ऑनलाइन बघायला मिळेल, असं जाहीर झालं होतं. कोल्हापूर, सांगली आणि सातारा मिळून बोर्डाचा कोल्हापूर विभाग होतो. इथल्या पोरांसकट राज्यभरातली सुमारे १६ लाख मुलं मोबाईल हातात घेऊन एक वाजायची वाट बघत होती.

एक वाजला आणि निकालाच्या वेबसाइट बसल्या. बैठक क्रमांक टाकायचा, बटण दाबायचं आणि गोल फिरणाऱ्या चक्राकडे बघत बसायचं. पोरांना निकालासाठी कित्येक तास ताटकळावं लागलं.

अशा वेळी आपण सगळे एकच वाक्य बोलतो, ‘सर्व्हर डाऊन आहे.’ पण या दोन शब्दांच्या मागे बऱ्याच वेगवेगळ्या भानगडी असतात. त्यातली सगळ्यात जास्त भेटणारी आणि सगळ्यात कमी समजलेली भानगड म्हणजे टाइमआउट. निकालाच्या दिवशी निदान गर्दीचं कारण तरी असतं. कधी कधी गर्दी नसते, सर्व्हर ठणठणीत असतो, वेळेची मर्यादाही भरपूर दिलेली असते, आणि तरीही काम अर्ध्यात तुटतं.

असं का होतं आणि ते शोधायचं कसं, हेच आज बघूया.

आधी एक दुकान उघडूया

जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीनं मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला रॅम्पवर उतरवल्या. कोल्हापुरीचं नाव मात्र कुठंच नव्हतं. ज्या चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, तिचा साधा उल्लेखही नाही म्हटल्यावर सोशल मीडियावर रान उठलं. शेवटी या चपलांमागची प्रेरणा भारतीय आहे, हे कंपनीला मान्य करावं लागलं.

समजा, त्या चर्चेनंतर कोल्हापुरातल्या एका चप्पल दुकानदारानं ठरवलं की आपणही ऑनलाइन दुकान टाकायचं. वेबसाइट झाली. आता वेगवेगळे प्रकार, माप, रंग आणि किंमत अशा ४,००० नोंदींची एक एक्सेल फाइल त्याला वेबसाइटवर चढवायची आहे. फाइल चढवली, बटण दाबलं, आणि बरोबर एका मिनिटानं पडद्यावर पाटी आली, ‘५०४ गेटवे टाइमआउट.’

वेबसाइट करून देणाऱ्या पोरानं सेटिंग बघितलं आणि सांगितलं, “मर्यादा कमी होती, पाच मिनिटं करून ठेवलीय.” दुकानदारानं पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा बरोबर एका मिनिटानं तीच पाटी.

मर्यादा ३०० सेकंदांची आणि काम तुटलं ६० सेकंदांना. मधले २४० सेकंद कुणी खाल्ले?

मिसळीच्या हॉटेलात चला

तुम्ही गिऱ्हाईक म्हणून टेबलावर बसलाय. तुम्ही म्हणजे ब्राउझर. वेटर येऊन ऑर्डर घेतो, तो वेब सर्व्हर. अपाची, एनजिनएक्स ही नावं ऐकली असतील, ते हे वेटर. वेटर आत भटारखान्यात ऑर्डर सांगतो. तिथला आचारी म्हणजे स्क्रिप्ट, अर्थात पीएचपीसारख्या भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम. आचाऱ्याला कांदा, फरसाण, मसाला लागला की तो कोठीतून मागवतो. ही कोठी म्हणजे डेटाबेस.

आता मालकानं आचाऱ्याला सांगितलं, “एका ऑर्डरला पाच मिनिटं लागली तरी चालतील.” आचारी निवांत झाला. पण वेटरला कुणी काहीच सांगितलं नाही. त्याची सवय अशी की भटारखान्याच्या खिडकीशी एक मिनिट थांबायचं, ताट आलं नाही तर टेबलावर जाऊन सांगायचं, “साहेब, मिसळ मिळणार नाही.”

दुकानदाराच्या वेबसाइटवर झालं ते हेच. मर्यादा वाढवली आचाऱ्याची, आणि कंटाळला वेटर.

तुमच्या मोबाईलपासून डेटाबेसपर्यंत जी साखळी असते, तिच्या प्रत्येक कडीला स्वतःचं घड्याळ असतं. या घड्याळांची एकमेकांशी ओळख नसते. त्यामुळे सगळ्यात लहान मुदत ज्याची, त्याचाच शब्द शेवटचा.

कुणाचं घड्याळ किती सेकंदांचं?

कुणी मुद्दाम बदललं नसेल तर हे आकडे साधारण असे असतात:

- पीएचपी स्क्रिप्टची स्वतःची मर्यादा: ३० सेकंद
- एनजिनएक्स मागच्या प्रोग्रॅमची वाट बघतो: ६० सेकंद
- अपाचीची २.४ ही आवृत्ती: ६० सेकंद (जुन्या २.२ मध्ये हा आकडा ३०० होता)
- अपाचीमध्ये पीएचपी ‘एफसीजीआयडी’ या जोडणीतून चालत असेल तर: ४० सेकंद
- अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडमधला लोड बॅलन्सर: ६० सेकंद
- मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरचं जुनं एएसपी: ९० सेकंद, एएसपी डॉट नेट: ११० सेकंद

या यादीतच पहिला धागा लपलाय. काम नेमकं किती सेकंदांनी तुटतंय, ते मोबाईलच्या स्टॉपवॉचवर मोजा. दरवेळी बरोबर ४० किंवा ६० सेकंदांना तुटत असेल तर तो योगायोग नाही, कुणाचं तरी घड्याळ वाजतंय. कधी १७ सेकंदांना, कधी ५२ सेकंदांना तुटत असेल तर मात्र संशय घड्याळावर नको. तिथं मेमरी किंवा दुसरंच काहीतरी संपतंय.

पीएचपीच्या घड्याळाची गंमत

इथं भलेभले चकतात. पीएचपीची ३० सेकंदांची मर्यादा लिनक्स सर्व्हरवर सहसा भिंतीवरच्या घड्याळानं मोजलीच जात नाही. स्क्रिप्ट प्रत्यक्ष राबली तेवढाच वेळ त्यात धरला जातो. डेटाबेसच्या उत्तराची वाट बघण्यात गेलेला वेळ, दुसऱ्या वेबसाइटकडून माहिती यायला लागलेला वेळ, नुसतं थांबून काढलेला वेळ, यातलं काहीच मोजलं जात नाही. विंडोज सर्व्हरवर मात्र सगळा वेळ मोजला जातो.

म्हणजे आचारी कोठीतून कांदा यायची वाट बघत हात बांधून उभा असेल, तर लिनक्सवर त्याचं घड्याळ थांबलेलं असतं. विंडोजवर ते चालूच राहतं.

याचे दोन परिणाम होतात. पहिला, डेव्हलपरच्या विंडोज लॅपटॉपवर एक वागणूक आणि लिनक्स सर्व्हरवर दुसरी. दुसरा, मर्यादा ३० सेकंदांची असूनही स्क्रिप्ट दोन-दोन मिनिटं चालू राहू शकते आणि पीएचपी तिला हातही लावत नाही. तोवर वेटर कंटाळून निघून गेलेला असतो.

पाटीवरचा आकडा वाचा

एररचा आकडा बघून आपण वैतागतो, पण कुणाची तक्रार आहे हे तोच सांगतो.

५०४ म्हणजे वेटर वाट बघून थकला. आत आचारी कदाचित अजून राबत असेल.

५०२ म्हणजे वेटर खिडकीशी उभा असताना आचारीच गायब झाला. मेमरी संपल्यामुळे लिनक्सनं प्रोग्रॅम मारून टाकला किंवा पीएचपीच्या व्यवस्थापकानं त्याला मध्येच थांबवलं, तर हा आकडा दिसतो.

५०० म्हणजे आतच घोळ झाला. पीएचपीनं स्वतःची मर्यादा ओलांडली तरी बऱ्याचदा हाच आकडा येतो.

५०३ म्हणजे सध्या ऑर्डर घ्यायलाच कुणी मोकळा नाही.

५२४ हा आकडा क्लाउडफ्लेअरचा. तुमचा सर्व्हर आणि गिऱ्हाईक यांच्यामध्ये उभ्या असलेल्या या सेवेचं घड्याळ आधी वाजलं, असा त्याचा अर्थ.

४९९ हा आकडा गिऱ्हाइकाला कधीच दिसत नाही, तो एनजिनएक्सच्या नोंदवहीत सापडतो. गिऱ्हाईकच उठून गेलं, म्हणजे कुणीतरी पान बंद केलं किंवा रिफ्रेश मारलं, असं तो सांगतो.

अपाचीच्या नोंदवहीत ‘प्रीमॅच्युअर एंड ऑफ स्क्रिप्ट हेडर्स’ असं एक वाक्य नेहमी भेटतं. त्याचा सरळ अर्थ असा की स्क्रिप्टनं उत्तराची पहिली ओळ देण्याआधीच राम म्हटला. हे वाक्य कारण सांगत नाही, फक्त शेवट सांगतं. कारण शोधायचं तर त्याच्या आधीची ओळ वाचायची. तिथं ‘रीड डेटा टाइमआउट इन ४० सेकंड्स’ असं लिहिलेलं असेल तर चोर सापडला.

तपास कसा करायचा?

ज्यांची स्वतःची वेबसाइट आहे किंवा जे दुसऱ्यांना वेबसाइट करून देतात, त्यांनी या क्रमानं जावं.

एक, वेळ मोजा. तीन वेळा मोजा. आकडा तोच येतोय का बघा.

दोन, नोंदवह्या वाचा. वेब सर्व्हरची वेगळी असते आणि पीएचपीची वेगळी. पीएचपीच्या वहीत ‘मॅक्सिमम एक्झिक्युशन टाइम एक्सीडेड’ असं दिसलं तर घड्याळ आचाऱ्याचं. एनजिनएक्सच्या वहीत ‘अपस्ट्रीम टाइम्ड आउट’ दिसलं तर घड्याळ वेटरचं.

तीन, दोन छोट्या स्क्रिप्ट लिहून परीक्षा घ्या. पहिली स्क्रिप्ट काहीही न करता ७० सेकंद झोपून राहील अशी. लिनक्सवर पीएचपी हा वेळ मोजत नाही, त्यामुळे ही स्क्रिप्ट ६० सेकंदांना तुटली तर दोष बाहेरच्या कुणाचा तरी. दुसरी स्क्रिप्ट ७० सेकंद सतत आकडेमोड करत राहील अशी. ही ३० सेकंदांना तुटली तर दोष पीएचपीच्या मर्यादेचा. दोन स्क्रिप्ट आणि दहा मिनिटांत अर्धा तपास संपतो.

चार, मर्यादा बदलली ती योग्य जागी बदलली का ते तपासा. पीएचपीची सेटिंग फाइल एकाच सर्व्हरवर दोन-तीन ठिकाणी असू शकते. कमांड लाइनवरून चालणाऱ्या पीएचपीची वेगळी आणि वेबसाइटसाठीची वेगळी. कमांड लाइनवर तर वेळेची मर्यादाच नसते. म्हणून ‘माझ्याकडे हाताने चालवली तर चालते’ हा पुरावा धरू नका. पीएचपी कोणती फाइल वाचतंय आणि त्यात कोणता आकडा आहे, हे ‘पीएचपी इन्फो’ पानावर दिसतं. मात्र काम झालं की ते पान काढून टाका, नाहीतर सर्व्हरची सगळी कुंडली जगजाहीर होते.

पाच, बदल केल्यावर सर्व्हर रीलोड केला का? मुख्य फाइलमधला बदल रीलोड केल्याशिवाय लागू होत नाही. शेअर्ड होस्टिंगवर वापरतात त्या ‘यूजर डॉट आयएनआय’ फाइलला रीलोड लागत नाही, पण ती दर ३०० सेकंदांनीच नव्यानं वाचली जाते. म्हणजे बदल केल्यावर पाच मिनिटं काहीच फरक दिसला नाही तर घाबरून दुसरं काही बदलत बसू नका.

सहा, कोडमध्येच कुणी मर्यादा लिहून ठेवलीय का शोधा. पीएचपीत ‘सेट टाइम लिमिट’ अशी आज्ञा असते. ती सर्व्हरच्या सेटिंगवर मात करते, आणि जिथं येते तिथून मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. उधारीत आणलेल्या एखाद्या प्लगइनमध्ये ती लपलेली असू शकते.

सात, क्लाउडफ्लेअरसारखी सेवा मध्ये असेल तर ती टाळून थेट सर्व्हरवर तेच काम करून बघा. फरक पडला तर उत्तर मिळालं.

मग सगळ्यांच्याच मर्यादा वाढवून टाकू का?

पहिला मोह हाच होतो, पण यानं दुखणं झाकलं जातं आणि कधी कधी वाढतंही.

साधं गणित करा. सर्व्हरवर २० आचारी आहेत आणि प्रत्येक ऑर्डरला ०.२ सेकंद लागतात. म्हणजे सेकंदाला १०० ऑर्डरी निघतात. आता डेटाबेस मंदावला आणि एका ऑर्डरला १० सेकंद लागायला लागले, तर तेच २० आचारी सेकंदाला फक्त दोन ऑर्डरी काढतील. बाहेर रांग लागणार. रांगेतली माणसं वैतागून रिफ्रेश मारणार, म्हणजे तीच ऑर्डर पुन्हा देणार. त्यात मर्यादा पाच मिनिटांची असेल, तर अडकलेला प्रत्येक आचारी पाच मिनिटं अडकूनच राहणार. म्हणूनच टाइमआउट असतो. एका गिऱ्हाइकापायी अख्खं हॉटेल बंद पडू नये, ही त्याची नेमणूक.

त्यामुळे खरा उपाय काम छोटं करण्यात आहे.

आपल्या दुकानदाराच्या ४,००० नोंदींना समजा तीन मिनिटं लागतात. त्याच २००-२०० च्या २० तुकड्यांत चढवल्या तर एका तुकड्याला साधारण नऊ सेकंद लागतील आणि कुठलंच घड्याळ वाजणार नाही. दुसरा मार्ग म्हणजे फाइल घेतल्या घेतल्या ‘मिळाली, काम सुरू आहे’ असं सांगून गिऱ्हाइकाला मोकळं करायचं आणि काम मागच्या खोलीत सावकाश उरकायचं. तिसरा मार्ग, कोठी नीट लावायची. डेटाबेसमध्ये योग्य जागी इंडेक्स नसेल तर एक चप्पल शोधायला तो प्रत्येक वेळी सगळी कपाटं उघडतो. मायएसक्यूएलमध्ये संथ प्रश्नांची वेगळी नोंदवही चालू करता येते. ती सुरुवातीला १० सेकंदांहून जास्त वेळ घेणारे प्रश्नच टिपते. तो आकडा खाली आणला की खरे गुन्हेगार दिसतात.

निकालाच्या गर्दीलाही हेच लागू आहे. एकदा लागलेला निकाल दर मिनिटाला बदलत नाही. प्रत्येकासाठी डेटाबेस उघडण्यापेक्षा तयार पानं आधीच करून ठेवली आणि ती अनेक सर्व्हरवर वाटून दिली, तर आचाऱ्याला हाक मारायचीच गरज नाही. आता दहावी-बारावीचे निकाल अनेक वेबसाइटवर आणि डिजिलॉकरवर एकाच वेळी मिळतात, त्यानंही गर्दी वाटली जाते.

पाटी आली म्हणजे काम झालं नाही, असं समजू नका

हा भाग वेबसाइट नसलेल्यांसाठीही आहे, आणि तो सगळ्यात महत्त्वाचा आहे.

वेटरनं ‘मिळणार नाही’ सांगितलं तरी आत आचारी मिसळ करतच असतो. ५०४ ची पाटी दिसल्यावरही स्क्रिप्ट मागे चालू असू शकते. आपल्या दुकानदारानं पाटी बघून फाइल दुसऱ्यांदा चढवली, आणि थोड्या वेळानं वेबसाइटवर प्रत्येक चप्पल दोन-दोनदा दिसायला लागली. पहिलं कामही पूर्ण झालं होतं आणि दुसरंही.

चपलेच्या जागी पैसे असते तर? फी भरताना, तिकीट काढताना, बिल भरताना पाटी आली आणि तुम्ही पुन्हा बटण दाबलं, तर खात्यातून दोनदा पैसे जाऊ शकतात. म्हणून अशा वेळी:

- लगेच पुन्हा बटण दाबू नका. आधी बँकेचा मेसेज, ईमेल आणि ‘माझे व्यवहार’ हे पान तपासा.
- वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट काढा आणि व्यवहार क्रमांक टिपून ठेवा.
- पैसे कापले गेले आणि काम झालं नाही, तर नियम तुमच्या बाजूनं आहे. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, यूपीआयवरून एखाद्या व्यक्तीला पाठवलेले पैसे तिच्या खात्यात जमा झाले नाहीत, तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत ते आपोआप परत आले पाहिजेत. दुकानदाराला केलेल्या अशा व्यवहारात ही मुदत पाच दिवसांची आहे. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळाली पाहिजे.

आणि वेबसाइट करणाऱ्यांनी एवढं करावं. प्रत्येक ऑर्डरला एक क्रमांक द्या आणि तोच क्रमांक पुन्हा आला तर ‘ही ऑर्डर आधीच घेतलीय’ असं सांगायला सर्व्हरला शिकवा. गिऱ्हाईक घाईत दोनदा बटण दाबणारच, त्याची शिक्षा त्याच्या खिशाला व्हायला नको.

पुढच्या वेळी वेबसाइट गोल गोल फिरायला लागली तर स्टॉपवॉच लावून बघा. आणि साठाव्या सेकंदाला पाटी आलीच, तर तक्रार करताना ‘सर्व्हर डाऊन आहे’ एवढंच लिहू नका. किती सेकंदांनी तुटलं आणि कोणता आकडा दिसला, तेही लिहा. दुरुस्त करणाऱ्याचा अर्धा दिवस वाचेल, भावा.